जवळच्या शाखेत

कुलूप नवंकोरं होतं. ते बघून तिच्या मनात आधी आलं ते एवढंच, की घेतली म्हणजे घेतलीच यांनी. मागच्या अर्थसंकल्पात अगदी तळाशी ‘कुलपे व साखळ्या’ अशी एक ओळ होती. ती तिने स्वतः वाचली होती, आणि एखाद्या गोदामाची असेल म्हणून पान उलटलं होतं. आता ती ओळ भर बाजारात सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या हिरव्या दारावर लोंबत होती, आणि तिचा दंड धरून मावशी उभी होती. दोन दारं, एक बायकांचं, एक पुरुषांचं, दोन्हींना सारखीच कुलपं, एकाच मापाची, एकाच चकाकीची. मावशी म्हणाली, हलवून बघ गं, कधीकधी नुसतंच अडकवलेलं असतं. तिने हलवून बघितलं. साखळी खळखळली, आणि त्या आवाजासरशी मावशीने तिचा दंड असा आवळला की बोटांचे वळ उठले.

दोघी निघाल्या होत्या मावशीसाठी बूट घ्यायला. मऊ तळव्याचे, बिनलेसचे, वाकावं न लागणारे. बूट झाले होते, खोकं तिच्या काखेत होतं. दुकानात मावशी रंगात आली होती. दुकानदाराला सांगत होती की तिच्या जुन्या बुटांनी पृथ्वीला कितीतरी फेरे घातलेत, आणि तेही एकाच रस्त्यावरून. दुकानदार हसला, त्याला कळलं नाही. मावशी जन्मभर बसची कंडक्टर होती. एकच मार्ग, तोच जायचा, तोच यायचा. हे सगळं आत्ता, घटकाभरापूर्वी, आणि आता तीच मावशी एकेक पाऊल काचेवरून टाकावं तसं टाकत होती. कोपऱ्यावरचा कॉफीवाला म्हणाला, आतली सोय गिऱ्हाइकांसाठी आहे. दोघी गिऱ्हाईक झाल्या, कॉफीचे पैसे दिले, तर म्हणाला नळ फुटलाय. बँक शनिवारची लवकर मिटलेली. मग बागेच्या फाटकाजवळचं दुसरं स्वच्छतागृह, तिथे तेच कुलूप आणि वर पाटी, की नागरिकांनी जवळच्या सुविधेचा लाभ घ्यावा. जवळची सुविधा म्हणजे त्या आत्ताच मागे टाकून आल्या होत्या ती हिरवी दारं. दोन कुलपं एकमेकांकडे बोट दाखवत बसली होती, शाळेत चोरी पकडली गेल्यावर पोरं दाखवतात तशी. बागेच्या भिंतीला तोंड करून एक माणूस पाय फाकवून निवांत उभा होता, शीळ घालत होता. ती शीळ तिला पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहिली, भांडी घासताना, फाइल उघडताना, दात घासताना. चांगली शीळ होती, सुरात होती, हेच जास्त खुपत होतं.

मावशी चालता चालता थांबली. ‘ठमे,’ ती हळूच म्हणाली, ‘बास.’

तिला कळायच्या आत मावशीने पर्समधून पाण्याची बाटली काढली, बूच फिरवलं आणि कमरेपासून खाली सगळीच्या सगळी अंगावर ओतली. मग सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘अगं बाई, सांडली की सगळी. या मेल्या बाटल्यांना बुचं तरी कसली बसवतात.’ जाणाऱ्या दोन बायका हसल्या, एकीने रुमाल पुढे केला. मावशीने तो रुमाल घेतला तो असा, की जणू दरबारात नजराणा घेतेय. कोट झटकला, खाली बघितलं, मान हलवली, पाणी बनवणाऱ्यांनासुद्धा दोन शब्द सुनावले. बघणाऱ्या कुणालाही वाटलं असतं, काय मजेशीर म्हातारी आहे. आणि ती मात्र काखेत खोकं धरून उभी होती, आणि तिला दिसत होता तो मावशीचा हात. किती सराईत होता. बूच कसं एका झटक्यात निघालं, बाटली कशी नेमकी तिरपी झाली. ही बाटली तिने त्या पर्समध्ये कितीतरी वर्षं बघितली होती, कायम काठोकाठ भरलेली. कधी उन्हात म्हणायची, मावशी, घोटभर पी ना, बाटली आहे की. मावशी म्हणायची, असू दे, लागेल. काय लागेल ते आज कळलं. ते पाणी प्यायचं कधी नव्हतंच.

आई गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं, आणि वाढवलं ते थापांवर. दुधात साखर कमी असायची तेव्हा थाप जास्त असायची. मावशी ड्यूटीवरून यायची, बूट काढायची, घडाघडा तांब्यावर तांब्या पाणी प्यायची, एखादं जनावर पितं तशी, आणि मग ठमीला मांडीवर घेऊन सांगायची. एकदा काय झालं, म्हणे, मला सकाळी पहिल्याच थांब्यावर लागली. म्हटलं, शेवटच्या थांब्यावर बघू. तर वाटेत पूर. बस पाण्यातून अशी पोहत गेली की उतारू वल्ही मारत होते. पूर ओलांडला तर सर्कशीतला हत्ती सुटलेला, तो बसला टेकून झोपलेला. हत्ती उठायचा म्हणून थांबलो तर त्याला स्वप्न पडलेलं, आणि हत्तीचं स्वप्न म्हणजे दुपार खातं. तो उठला तर बसमध्ये एक मंत्री चढला, त्याने भाषण केलं, आणि भाषण संपेपर्यंत मागच्या बाकावरच्या दोघांचं लग्न ठरून त्यांना मूल झालं. आणि मी तिकिटं फाडतेय, घंटी मारतेय, आणि धरून ठेवलंय. ठमी हसून हसून लोळायची. विचारायची, मग पुढे काय झालं? मावशी म्हणायची, पुढे काय, घरी आले. दर वेळी शेवट तोच. पूर बदलायचा, हत्ती बदलायचा, कधी चोर यायचे, कधी बसला पंख फुटायचे, पण मावशी धरून ठेवायची आणि घरी यायची. शनिवारी टॅक्सीत, दोघींच्या मध्ये ओल्या कपड्यांचा तो वास, आणि मावशी खिडकीबाहेर बघत गप्प, तेव्हा तिला पहिल्यांदा ऐकू आलं की मावशीच्या सगळ्या थापा एकाच गोष्टीच्या होत्या. की जायला जागा नव्हती. डेपोत ड्रायव्हर लोकांसाठी होतं. बाई कंडक्टरसाठी लवकरच बांधू म्हणायचे. लवकरच म्हणता म्हणता मावशी रिटायर झाली. हत्ती खोटा होता, एवढंच. बाकी शब्दन् शब्द खरा.

घरी आल्यावर मावशी बराच वेळ न्हाणीघरात होती. नंतर दोघींनी त्याबद्दल अक्षर काढलं नाही. नवे बूट खोक्यातच राहिले, खोकं दाराशी, आणि मावशीने घराबाहेर पडणं थांबवलं. रोज सकाळी कोपऱ्यापर्यंत जाऊन पेपर आणणारी, पलीकडच्या आळीतल्या मैत्रिणीकडे पत्ते खेळायला जाणारी आणि तिथे बिनदिक्कत खोटं खेळून जिंकणारी मावशी, ती खिडकीशी खुर्ची ओढून बसली. शेजारीण विचारायला आली तर तिला सांगितलं, गुडघा. दुसरीला सांगितलं, डॉक्टरने ऊन बंद केलंय, माझी कातडी जातिवंत आहे म्हणून. पत्त्यांवाल्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं की एक वकील मागे लागलाय, जुन्या इस्टेटीचं प्रकरण आहे, बाहेर दिसले तर नोटीस लावेल. थापा तशाच फर्मास होत्या, पण त्यांत कुणी कुठे जात नव्हतं. पूर नाही, बस नाही. आणि संध्याकाळी ती ऑफिसातून आली की मावशीसमोरचा कप कोरडा. चहासुद्धा अर्धाच घेतलेला. घरात, स्वतःच्या घरात, न्हाणीघर चार पावलांवर असताना, मावशी पाणी प्यायला भीत होती.

राग म्हणजे काय असतं हे तिला माहीत आहे असं तिला वाटायचं. बस चुकल्याचा राग, कुणी रांग मोडली त्याचा राग. हा तसला नव्हता. हा पोटात खाली, अगदी खाली बसला होता, लघवी तुंबावी तसा, आणि चालताना हलत होता.

कारण तिचं काम तेच होतं. सरकार पैसे वाचवायचं ठरवतं, कुठेतरी कात्री चालवतं. त्या कात्रीने कोण किती कापलं जाईल, बाई किती, पुरुष किती, म्हातारं माणूस, आजारी माणूस, चाकाच्या खुर्चीतलं माणूस किती, हे कात्री चालवायच्या आधी तपासून एका पानावर लिहायचं. कायद्यानेच तसं बांधून घातलं होतं. ऑफिसात त्याला समतेचं पान म्हणायचे. समतेचं पान लागल्याशिवाय बचतीचा कुठलाही प्रस्ताव छपाईला जात नसे. मावशी लोकांना सांगायची, आमची ठमी सरकारच्या कात्रीपुढे हात धरून बसते. आता खरं सांगायचं तर कात्री चालून गेल्यावर पान लिहिलं जायचं. आधी प्रस्ताव ठरायचा, मग आकडे जुळायचे, मग साहेब लोक चहा प्यायचे, आणि छपाईच्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात यायचं की अरे, समतेचं राहिलं. मग गेल्या वर्षीचं एखादं पान काढायचं, नाव बदलायचं, सह्या घ्यायच्या. या कामात सगळे तरबेज होते. ती जरा जास्तच.

पुढच्या एका सोमवारी तिच्या टेबलावर नवा प्रस्ताव होता. शहरातली उरलेली सगळी सार्वजनिक स्वच्छतागृहं बंद. पहिल्या टप्प्यात निम्मी केली, कुठून तक्रार नाही, तेव्हा दुसरा टप्पा. बरोबर कोरं समतेचं पान, आणि वर बारीक पेन्सिलने लिहिलेलं, की मागच्यासारखेच करावे. मागचं कसं होतं ते बघायला ती उठली. जुनी पानं ठेवायला जागा पुरत नव्हती म्हणून त्यांच्या मजल्यावर एक खोली मोकळी केली होती. ती खोली म्हणजे बायकांचं स्वच्छतागृह. म्हणजे होतं, एके काळी. आता तिथे समतेचे गठ्ठे रचलेले होते, बेसिनवर, खिडकीत, झाकण पाडलेल्या कमोडवर छातीइतके. मजल्यावरच्या बायका दोन मजले खाली जायच्या, किंवा जायच्या नाहीत. ती त्या खोलीत शेकडो वेळा गेली होती, गठ्ठे ठेवायला, गठ्ठे काढायला, आणि तिला कधी हसू आलं नव्हतं. आज आलं. गठ्ठ्यांवर बसून तिने मागच्या वर्षीचं पान शोधलं, आणि हसू जिथल्या तिथे सुकलं.

‘सदर निर्णयाचा सर्व घटकांवर समान परिणाम होईल,’ पानावर होतं. ‘बाधित वाचकांना जवळच्या शाखेत जाण्याचा पर्याय उपलब्ध आहे.’

वाचकांना. तिने पुन्हा वाचलं. वाचकांना, जवळच्या शाखेत. हे वाक्य वाचनालयांचं होतं. त्याच्या आदल्या वर्षी वाचनालयं बंद केली होती तेव्हाचं. कुणीतरी वरचं नाव बदललं, वाचनालयाचं स्वच्छतागृह केलं, आणि खालचं वाक्य तसंच राहिलं. ज्यांना लघवीला जायचंय ते सगळे वाचक झाले, हातात पुस्तक घेऊन शाखा शोधत फिरायला लागले. हे पान टेबलाटेबलावरून गेलं होतं. प्रत्येकाने त्याच्यावर सही केली होती, कोपऱ्यात, सुबक, लफ्फेदार. त्यांच्या मधोमध तिची सही होती. तिने ती सही बोटाने पुसायचा प्रयत्न केला. शाई चांगली होती. तिच्या डोळ्यांपुढे मावशी आली, ओल्या कोटात, काखेत पुस्तक घेऊन, शाखेच्या दारात, आणि तिच्या पोटातलं ते खाली बसलेलं काहीतरी एकदम वर चढलं, थेट टाळूपर्यंत.

ती पान घेऊन बचतसाहेबांकडे गेली. त्यांचं नाव काहीतरी दुसरं होतं, पण सगळ्या इमारतीत ते बचतसाहेबच. गोड माणूस होता, हीच तर पंचाईत. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या आईचं ऑपरेशन, सगळं लक्षात ठेवून विचारायचे. पान वाचून ते मनापासून हसले, म्हणाले, वा, हे म्हणजे फारच झालं, वाचक काढून नागरिक करून टाका. तिने सांगितलं, प्रश्न एका शब्दाचा नाही, परिणाम समान नाही हा प्रश्न आहे. साहेबांनी चष्मा काढला आणि समजूत घालावी तसं सांगितलं की हे बघा, कुलूप दोन्ही दारांना लावलंय, बायकांच्याही आणि पुरुषांच्याही. याहून समान आणखी काय करायचं. ती म्हणाली, पुरुषाला भिंत आहे. साहेब जरा अवघडले. मग म्हणाले, आकडे आणा. वापर किती होता ते आपण मोजलंय. दारात माणूस बसवून मोजलंय, फार थोडे लोक येत होते. तिने विचारलं, जे घरातून निघतानाच पाणी पीत नाहीत ते कुणी मोजले? जे घरातून निघतच नाहीत ते? साहेब म्हणाले, न आलेल्या माणसाला दारात बसून कसं मोजणार. हे ते चिडून म्हणाले नाहीत, त्यांना खरोखरच तो प्रश्न पडला होता. आणि मग, नेहमीप्रमाणे, त्यांनी खिसा चाचपला आणि म्हणाले, एक फोन घेऊन येतो.

बचतसाहेबांचा हा फोन सगळ्या मजल्याला माहीत होता. मीटिंग कितीही महत्त्वाची असो, थोड्या थोड्या वेळाने साहेबांना फोन यायचा, जो कधी वाजायचा नाही. साहेब खिसा चाचपत उठायचे, मीटिंगच्या खोलीला लागूनच असलेल्या एका दारातून आत जायचे, आणि चेहरा हलका करून परत यायचे. त्यांची खुर्चीसुद्धा त्या दाराजवळची, ठरलेली. वयाप्रमाणे होतं ते पुरुषांना; पण साहेबांनी त्याचा फोन केला होता, आणि सगळे त्या फोनला मान द्यायचे, बोलणं थांबवून वाट बघायचे. त्या दारावर पितळी पाटी होती, ‘अधिकारी’. परत आपल्या टेबलाकडे जाताना ती त्या पाटीपाशी थबकली. पुरुष असं लिहिलेलं नव्हतं. अधिकारी लिहिलेलं होतं. ती अधिकारी होती. तिच्या टेबलावरच्या पाटीवर होतं, पगाराच्या कागदावर होतं. इतकी वर्षं ती दोन मजले खाली जात होती, किंवा जात नव्हती, मीटिंग असली की सकाळपासून पाण्याला शिवत नव्हती, आणि कुणी तिला या दारातून जाऊ नको असं कधी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नाही. तिच्या टेबलावर पाण्याची बाटली होती. काठोकाठ भरलेली. तिने ती उचलून बघितली, जणू कुणी दुसऱ्याच बाईने तिथे ठेवली होती.

मीटिंग दुपारची होती, छपाईला जायच्या आधीची शेवटची. लांब टेबल, दोन्ही बाजूंना साहेब लोक, मधे पाण्याचे जग, उपडे ग्लास. शेजारच्या खुर्चीवर तिच्या टेबलाशेजारची बाई बसली होती, तीही कोरड्या ओठांची. ती कानात कुजबुजली की सही करून टाक बाई, उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस, त्यांचं काही आपल्या सहीवाचून अडणार नाही. ते खरंच होतं. पण आजच्या आज सही लागणार होती तिचीच, कारण पान तिचं होतं, आणि पान नसलं तर प्रस्ताव या वर्षीच्या गठ्ठ्यात बसत नव्हता, एवढं मात्र होतं. कलमं एकेक करून पुढे सरकत होती. दिव्यांचे खांब, समान परिणाम. रुग्णवाहिका, समान परिणाम. एक साहेब वाचायचे, बाकीचे माना डोलवायचे, आणि तिला वाटत होतं की हे लोक शहराला नाही, सगळ्या पृथ्वीलाच इस्त्री फिरवतायत, उंच नाही, सखल नाही, सगळं सपाट, आणि त्या सपाट पृथ्वीवरून मावशी चालतेय, मऊ तळव्यांचे बूट घालून, क्षितिजापर्यंत एक आडोसा नाही. तिने ग्लास सुलटा केला आणि पाणी ओतलं. प्यायली. पुन्हा ओतलं. शेजारीण बघायला लागली. पाणी थंड होतं, गोड होतं, घशातून पोटात जाताना कळत होतं. इतक्या वर्षांत या खोलीत ती पहिल्यांदा पाणी पीत होती. तिने पूर्ण जग रिकामा केला, एखादं जनावर पितं तसा, आणि तिला मावशीचा तांब्या आठवला, ड्यूटीवरून आल्यानंतरचा.

तिचं कलम आलं. बचतसाहेबांनी पान तिच्याकडे सरकवलं. ‘वाचक’ खोडून ‘नागरिक’ केलेलं होतं. ती म्हणाली, हे खरं नाही, यावर मी सही करणार नाही. कुणीतरी घड्याळ बघितलं. साहेबांनी गोड आवाजात सांगितलं की छापखाना थांबलाय, भावना समजतात, पुढच्या वर्षी आपण नीट पाहणी करू. लवकरच. त्या शब्दासरशी तिला डेपो दिसला. तिने पान उचललं, पेन उचललं, उभी राहिली आणि खिसा चाचपला.

‘एक फोन घेऊन येते,’ ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. ती लांब टेबलाला वळसा घालून गेली, अधिकारी लिहिलेलं दार उघडलं, आत गेली आणि कडी लावली.

आत स्वच्छ होतं. साबण होता, टॉवेल होता, खिडकीत कुंडी होती, आणि कुंडीला पाणी घातलेलं होतं. कुंडीला. तिने आपलं काम केलं, घाई न करता, आणि मग झाकण पाडून त्यावर बसली. बाहेर आवाज झाले, थांबले, पुन्हा झाले. पुढचं कलम घेऊ या असं कुणी म्हणालं, पण पान तिच्याकडे होतं. ती कोऱ्या भिंतीकडे बघत बसली आणि तिच्या मनात एकेक दार उघडायला लागलं. शाळेतलं, ज्याला कडी नव्हती म्हणून मैत्रीण बाहेर उभी राहायची. पहिल्या नोकरीतलं, ज्याची चावी एका कारकुनाकडे असायची आणि तो चावी देताना हसायचा. इस्पितळातलं, आई आत होती तेव्हाचं. सगळ्या शहराचा नकाशा तिच्या अंगात होता, कुठे जाता येतं नि कुठे नाही याचा, प्रत्येक बाईच्या अंगात असतो तसा, आणि तो नकाशा कुठल्याही पानावर नव्हता, कारण ती पानं लिहायला बसताना तो बाहेर ठेवून यायची, छत्रीसारखा. तिने गुडघ्यावर पान उलटं ठेवलं. मागची बाजू कोरी होती. तिला पुष्कळ लिहायचं होतं, पण लिहिलं गेलं ते एवढंच: एका बाईने घराबाहेर पडणं थांबवलं आहे. तिला कुणी मोजलेलं नाही. खाली तिने सही केली.

दारावर टकटक झाली. अगदी हलकी. मॅडम, बचतसाहेबांचा आवाज, बऱ्या आहात ना. ती म्हणाली, बरी आहे. थोडा वेळ गेला. पुन्हा टकटक. साहेबांनी विचारलं, किती वेळ लागेल. ती म्हणाली, सांगता येत नाही. दाराखालच्या बारीक फटीतून तिला त्यांच्या बुटांची टोकं दिसत होती, काळी, पॉलिश केलेली. बुटांनी भार बदलला. या पायावरून त्या पायावर. पुन्हा त्यावरून यावर. तिसऱ्यांदा टकटक झाली तेव्हा आवाजातलं गोड गेलं होतं.

‘मॅडम, जरा दार उघडता का. मला तातडीचा फोन आहे.’

‘दोन मजले खाली आहे, साहेब,’ ती म्हणाली. ‘जवळच्या शाखेत जा.’

बूट तसेच राहिले. एकमेकांना चिकटले. ती त्यांच्याकडे बघत होती आणि तिला भयंकर बरं वाटत होतं. असं बरं वाटलं की तिचं तिलाच दचकायला झालं. अजून थोडं. अजून थोडा वेळ बसायचं फक्त. जिने उतरणं त्यांच्याने आता होणार नव्हतं, आणि बाहेर सगळे बसलेले होते, आणि त्यांच्याकडे बाटली नव्हती. बाटलीची युक्ती त्यांना कुणी शिकवलेली नव्हती. बूट थरथरले. मग दाराला अगदी लागून, लाकडातूनच यावा तसा आवाज आला, हळू, म्हाताऱ्या माणसाचा. ‘बाई,’ साहेब म्हणाले, ‘बास.’

ती उठली. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यांच्यावरच्या आणि स्वतःवरच्या, कारण तिला बसून राहता येत नव्हतं. यांना येतं. पानामागून पान, वर्षामागून वर्ष, बसून राहता येतं. तिने कडी काढली. साहेब तिच्याकडे न बघता आत घुसले आणि दार आपटलं, कडी लागली. पलीकडे टेबलाशी सगळे खाली माना घालून बसले होते, जणू सगळ्यांनाच एकदम काहीतरी वाचायचं होतं. शेजारणीने मात्र दुसरा जग पुढे ओढला होता आणि ती पाणी ओतून घेत होती.

ती दाराशी खाली बसली, जमिनीवर, आणि पान उलटं करून फटीतून आत सरकवलं. सगळं गेलं, कोपरासुद्धा. आत पाणी वाहिल्याचा आवाज आला, मग नळाचा, मग कसलाच नाही.

‘ही बाई कोण?’ आतून साहेबांनी विचारलं.

‘माझी मावशी. कंडक्टर होती.’

ती कान लावून होती. कुठेतरी खाली छापखान्याचा फोन वाजत असेल. मावशी खिडकीशी बसली असेल, अर्ध्या कपासमोर, आणि खोकं दाराशी.

‘पेन आहे का तुमच्याकडे?’ आतून आवाज आला.

तिने पेन फटीला लावलं. जाड होतं, सरकारी, अडकलं. तिने आडवं करून बघितलं, टोकाकडून घालून बघितलं. मग उठून उभी राहिली, कपडे झटकले, आणि सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘पेन फटीतून जात नाही, साहेब. दार उघडावं लागेल.’